लेझर असताना एलईडी कशाला? पेशी मोजणाऱ्या मायक्रोस्कोपचा दिवा कसा निवडतात

मधुमेह असलेल्या माणसाला नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या नेत्रतज्ज्ञांनी ‘ओसीटी करून घ्या’ म्हटलं, की घरी दोन प्रश्न हमखास निघतात. डोळ्यात लेझर मारणार का? आणि डोळ्याला हातही न लावता आतल्या पडद्याचे थर मोजतात तरी कसे?

पहिल्याचं उत्तर झटपट देता येतं. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने बघणं) ही फक्त तपासणी आहे. तिच्यात डोळ्यावर पडणारा प्रकाश साधारण एका मिलिवॅटच्या आसपास असतो. पडद्यावर उपचार करणाऱ्या लेझरची शक्ती शंभर मिलिवॅट आणि त्याच्याही वर जाते. शिवाय ओसीटीच्या बऱ्याच यंत्रांत मुळात लेझर नसतोच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या यंत्राच्या दिव्यात दडलेलं आहे. हीच युक्ती प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपमध्ये जिवंत रक्तपेशी, शुक्राणू, कर्करोगाच्या पेशी रंग न लावता मोजायला वापरतात. अशा मायक्रोस्कोपबद्दल बोलताना लोक लेन्स आणि कॅमेऱ्याबद्दल भरभरून बोलतात. पण मोजमाप किती खरं येणार, हे बऱ्याच अंशी दिवा ठरवतो. आणि इथे नवख्याचा अंदाज नेमका चुकतो: सगळ्यात शिस्तीचा प्रकाश सगळ्यात चांगला, असं त्याला वाटतं.

पारदर्शक पेशीत मोजायचं काय?

रक्तातली तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते आणि जाडी सरासरी २ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा.) पेशीतून प्रकाश जरा सावकाश जातो. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती सावकाश जातो त्याचं माप) १.४० च्या आसपास, भोवतालच्या द्रवाचा १.३४, फरक ०.०६. दोन हजार नॅनोमीटर गुणिले ०.०६, म्हणजे पेशीतून आलेला प्रकाश बाजूने आलेल्या प्रकाशापेक्षा १२० नॅनोमीटर मागे पडतो. लाल प्रकाशाची एक लाट ६३३ नॅनोमीटरची धरली, तर हा जेमतेम एका लाटेचा पाचवा हिस्सा झाला.

डोळ्याला आणि कॅमेऱ्याला उजेड किती ते कळतं, तो किती मागे पडला ते कळत नाही. म्हणून मलेरियाची स्लाईड बघताना जीम्सा रंग लावावा लागतो. रंग उत्तम काम करतो, पण तोवर पेशी मेलेली असते.

यावरचा उपाय म्हणजे व्यतिकरण (इंटरफिअरन्स). त्यात प्रकाशाचा एक झोत आरशासारख्या काचेने दोन वाटांवर पाठवतात. एक वाट पेशीतून, दुसरी मोकळी. पुढे दोन्ही झोत पुन्हा एकत्र आणतात. लाटा एकमेकींवर बरोबर बसल्या तर उजेड, अर्ध्या लाटेने चुकल्या तर काळोख. मागे पडणं असं उजेडात उतरतं आणि कॅमेऱ्याला मोजता येतं. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांना १९५३ साली नोबेल मिळालं ते याच कल्पनेवरच्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपसाठी. त्यात पेशी ठळक दिसते. आजची यंत्रं त्यापुढे जाऊन आकडा देतात.

आकडा कशाचा? पेशीच्या ४४ चौरस मायक्रॉन क्षेत्रफळाला ०.१२ मायक्रॉनच्या विलंबाने गुणा आणि प्रथिनांसाठी ठरलेल्या सुमारे ०.१९ या स्थिरांकाने भागा. उत्तर येतं साधारण २८ पिकोग्रॅम. घरात कुणाचा सीबीसी रिपोर्ट असेल तर त्यातला एमसीएच बघा: एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, २७ ते ३२ पिकोग्रॅमच्या घरात. पेशी फोडून जे मोजतात, ते नुसत्या प्रकाशाच्या उशिरावरून निघालं.

शिस्त दोन दिशांची असते

आता दिव्याकडे. एक मोठं लेझीम पथक ठाण्याच्या तलावपाळीला आलं असं समजा. प्रत्येक ओळीतले अर्धे तलावाच्या एका बाजूने निघाले, अर्धे दुसऱ्या बाजूने, आणि पलीकडे पुन्हा एकत्र आले. एक बाजू जरा लांबची आहे. त्यामुळे एकत्र येताना लांबच्या बाजूची पाचवी ओळ जवळच्या बाजूच्या दहाव्या ओळीशेजारी येते. पाचवी आणि दहावी एकाच ठेक्यात असतील तर काहीच बिघडत नाही. पण ठेका ओळीओळीगणिक थोडा थोडा सरकत असेल, तर लगतच्या ओळी जुळतील आणि पाच ओळींच्या अंतरावरच्या जुळणार नाहीत. पथकात किती ओळींपर्यंत ठेका टिकतो, ती झाली प्रकाशाची कोहेरन्स लांबी. दोन वाटांमधला फरक तिच्यापेक्षा जास्त झाला की व्यतिकरणाचे पट्टे (उजेड-काळोखाच्या रेघा) पुसले जातात.

ही झाली पुढून मागे शिस्त. दुसरी शिस्त आडवी: एकाच ओळीतला डाव्या टोकाचा गडी आणि उजव्या टोकाचा गडी एका ठेक्यात आहेत का? बल्बच्या तारेचा प्रत्येक कोपरा आपापल्या मर्जीने प्रकाश टाकतो, म्हणून त्याच्यात ही शिस्त नसते. बल्बपुढे बारीक भोक धरलं की ती येते, पण उजेड बराचसा वाया जातो. डेनिस गाबोर यांनी १९४८ साली होलोग्राफी जगापुढे मांडली तेव्हा लेझर जन्माला यायचा होता. त्यांनी पाऱ्याच्या दिव्यापुढे फिल्टर आणि बारीक भोक लावूनच काम भागवलं.

या दोन शिस्ती वेगवेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागतात. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

कोणत्या दिव्याची लांबी किती

हिशेब साधा आहे. दिव्याच्या तरंगलांबीचा वर्ग करा आणि त्याच्या रंगपट्ट्याच्या (स्पेक्ट्रमच्या) रुंदीने भागा. पांढऱ्या हॅलोजनचा मध्य ५५० नॅनोमीटर आणि रुंदी ३०० धरली, तर कोहेरन्स लांबी जेमतेम १ मायक्रॉन. लाल एलईडी ६२५ नॅनोमीटर, रुंदी २०: सुमारे २० मायक्रॉन. प्रयोगशाळेतला नेहमीचा हेलियम-निऑन लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा, त्याची २० ते ३० सेंटिमीटर. एकाच वारंवारतेवर स्थिर केलेल्या लेझरची कित्येक मीटर. स्पेक्ट्रमच्या आकारानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण दिवा निवडायला एवढा अंदाज पुरतो.

यांच्यामध्ये एक विचित्र प्राणी आहे: सुपरल्युमिनेसंट डायोड, म्हणजेच एसएलडी. तो लेझरसारखा तेजस्वी असतो आणि केसाहून बारीक गाभ्याच्या फायबरमध्ये भरता येतो, म्हणजे आडवी शिस्त पक्की. पण रंगपट्टा एलईडीसारखा रुंद. मध्य ८४०, रुंदी ५० नॅनोमीटर असेल तर लांबी १४ मायक्रॉन. नेत्रतज्ज्ञांकडच्या बऱ्याच ओसीटी यंत्रांत हाच असतो.

‘मग सरळ चांगला लेझर घ्या की!’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. पट्टे लगेच सापडतात, उजेड भरपूर, वाटा मिलिमीटरभर चुकल्या तरी चालतं. अडचण अशी, की जे जुळायला हवं तेच नव्हे, नको ते सगळंही जुळतं.

एका स्लाईडवर हिशेब करू. काचेच्या हवेकडच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. स्लाईडचा खालचा पृष्ठभाग आणि कव्हरस्लिपचा (पेशींवर ठेवलेल्या पातळ काचेचा) वरचा, या दोघांमध्ये एक चक्कर मारून प्रकाशाचा एक चोरटा झोत मुख्य झोताच्या मागोमाग कॅमेऱ्यात शिरतो. त्याची तीव्रता ४ टक्क्यांचे ४ टक्के, म्हणजे ०.१६ टक्के. ऐकायला किरकोळ. पण व्यतिकरणात तीव्रता नाही, तिचं वर्गमूळ मोजायचं असतं, आणि ०.१६ टक्क्यांचं वर्गमूळ होतं ४ टक्के. लाल प्रकाशात त्यामुळे मोजमाप सुमारे ४ नॅनोमीटरने इकडेतिकडे होऊ शकतं.

पेशीचे १२० नॅनोमीटर मोजताना ४ ची चूक सोसवते. पण तांबड्या पेशीची त्वचा सतत थरथरत असते आणि मलेरियाचा परजीवी आत शिरला की पेशी ताठरून ती थरथर मंदावते. या थरथरीवर संशोधक लक्ष ठेवून असतात. तिची उंची तीस-चाळीस नॅनोमीटर; ०.०६ ने गुणली की विलंब उरतो दोन-अडीच नॅनोमीटर. चोरट्या झोताची चूक त्याहून मोठी. जे मोजायचं तेच बुडालं.

या चोरट्या झोताची वाट मुख्य वाटेपेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर लांब आहे. २० सेंटिमीटर कोहेरन्सच्या लेझरला ती जुळते. २० मायक्रॉनच्या एलईडीला ती दिसतच नाही. चोरटा प्रकाश तिथेही असतो, पण पट्टे न बनवता थोडासा फिकटपणा आणून गप्प बसतो. लेन्सचे पृष्ठभाग, कॅमेऱ्याच्या चिपवरची संरक्षक काच, धुळीचे कण, सगळ्यांची हीच कथा. लेझरच्या चित्रात गोल गोल कडी दिसतात ती बहुतेक धुळीची असतात.

‘रिकाम्या स्लाईडचा फोटो वजा केला तर?’

करतातच, आणि बऱ्यापैकी फायदा होतो. पण चोरटे पट्टे जागेवर थांबले तरच. स्वस्तातल्या लाल लेझर डायोडची तरंगलांबी तापमानासोबत सरकते, दर अंशाला ०.२ ते ०.३ नॅनोमीटर. साडेतीन मिलिमीटर लांबच्या वाटेवर एवढ्याशा सरकण्याने पट्टे जवळजवळ दोनदा पूर्ण सरकतात. म्हणजे एसीने खोली अर्धा अंश थंड केली, तरी सकाळी घेतलेला रिकामा फोटो दुपारी उपयोगाचा नाही. त्यात डायोड कधी कधी सावकाश न सरकता एकदम उडी मारतो. चित्र मधूनच ‘टक्’ करून बदललं तर कारण बहुधा हेच.

डायोडची आणखी एक खोड कमी लोकांना माहीत असते. एकाच वेळी अनेक जवळजवळच्या रंगांवर चालणाऱ्या डायोडची कोहेरन्स संपून पुन्हा उगवते. त्याच्या चिपची लांबी ०.३ मिलिमीटर आणि अपवर्तनांक साडेतीन असेल, तर दर २.१ मिलिमीटरवर पट्टे परत येतात. त्यामुळे ‘कोहेरन्स अर्धा मिलिमीटर आहे, चोरटा झोत चार मिलिमीटरवर आहे, काळजी नको’ हा हिशेब अशा डायोडला लागू होत नाही.

‘ठरलं तर, एलईडीच लावू’

थांबा, त्याचीही किंमत आहे.

पेशींचं मोजमाप दोन रीतींनी होतं. पहिल्या रीतीत दोन झोत किंचित तिरके भेटवतात. चित्रावर बारीक समांतर पट्टे उमटतात आणि एकाच फोटोतून सगळा विलंब काढता येतो. वाहतं रक्त, पोहणारा शुक्राणू अशा हलत्या गोष्टींसाठी ही रीत. एक पट्टा नीट वाचायला कॅमेऱ्याचे निदान चार पिक्सेल हवेत, तर हजार पिक्सेलच्या चित्रावर २५० पट्टे बसतात. पण तिरकेपणामुळे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाटांचा फरकही २५० लाटांनी वाढतो, म्हणजे सुमारे १५८ मायक्रॉन. एलईडीची पोच २० मायक्रॉन. तिला तीसेक पट्टे झेपतील, तेही चित्राच्या मध्यभागी, कडा कोऱ्या. वाटेत डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) बसवून प्रत्येक रंगाला आपापला कोन देता येतो आणि मग पट्टे पूर्ण चित्रभर येतात. मात्र जुळवणी अवघड होते आणि प्रकाश घटतो.

दुसऱ्या रीतीत झोत सरळ भेटतात आणि आरसा पिझो क्रिस्टलने (वीज दिली की किंचित फुगणाऱ्या स्फटिकाने) चार पायऱ्यांत हलवून चार फोटो घेतात. ६२५ नॅनोमीटरच्या एलईडीसाठी एक पायरी लाटेचा आठवा भाग, म्हणजे ७८ नॅनोमीटर. प्रकाश जाऊन परत येतो म्हणून त्याचं अंतर दुप्पट होतं. इथे एलईडी अप्रतिम चालतो, चित्र स्वच्छ येतं. पण सेकंदाला १०० फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यालाही चार फोटोंना ४० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पेशी हलली किंवा टेबल हललं, तर चार फोटो चार वेगळ्या गोष्टींचे होतात आणि निकालात पट्ट्यांच्या दुप्पट दाटीने येणारी लहर दिसू लागते. ती लहर दिसली की दोष पायरीच्या मापात किंवा हादऱ्यात शोधावा. दिवा निर्दोष असतो.

आमचं मत विचाराल तर ठेवलेल्या, चिकटलेल्या पेशींना एलईडी. वाहत्या पेशींना काही शे मायक्रॉन कोहेरन्सचा डायोड. हेलियम-निऑन फक्त जुळवणीपुरता.

लेझरचा कणीदारपणा घालवायची जुनी युक्ती

लेझरच्या उजेडात खरखरीत वाळूसारखे ठिपके दिसतात, त्यांना स्पेकल म्हणतात. हा आडव्या शिस्तीचा दोष. घासलेल्या काचेची चकती मोटरवर फिरवून तिच्यातून लेझर पाठवला की ठिपके सतत बदलतात आणि एका फोटोत त्यांची सरासरी होते. वेगवेगळे १०० नमुने मिसळले तर कणीदारपणा दहाव्या हिश्शावर येतो. आणखी दहापट कमी करायचा तर १०,००० लागतात. म्हणून फोटोचा वेळ खूप कमी ठेवून ही युक्ती चालत नाही. मोटर मायक्रोस्कोपच्या टेबलावर बसवू नये, तिचा थरकाप थेट पट्ट्यांत उतरतो. चकती बाजूला ठेवून प्रकाश जाड फायबरने आणावा. आणखी एक अट: आडवी शिस्त गेली की दोन्ही वाटांवर अगदी एकसारखी ऑब्जेक्टिव्ह (पेशीजवळची मुख्य भिंगं) लागतात आणि दोन्ही चित्रं मायक्रॉनभराच्या अचूकतेने एकमेकांवर बसवावी लागतात. पुढून मागची शिस्त मात्र तशीच राहते, त्यामुळे मघाचा स्लाईडमधला चोरटा झोत पूर्ण जात नाही.

पट्टे सापडतच नाहीत तेव्हा

एलईडीवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. २० मायक्रॉनच्या खिडकीत पट्टे शोधायचे. आरसा १ मायक्रॉन सरकला की वाट २ मायक्रॉनने बदलते, म्हणजे आरशासाठी खिडकी १० मायक्रॉनची. नेहमीच्या मायक्रोमीटर स्क्रूची ही एक बारीक खूण. पटकन फिरवला की पट्टे येऊन गेलेलेही कळत नाहीत.

आधी लेझर लावून दोन्ही झोत एकमेकांवर आणावेत, पट्टे रुंद होईपर्यंत आरशाचा कल सुधारावा. मग लेझर काढून लाल एलईडीपुढे १० नॅनोमीटर रुंदीचा लाल फिल्टर लावावा. त्याने खिडकी सुमारे ४० मायक्रॉनची होते. आरसा एकाच दिशेने, अत्यंत सावकाश सरकवावा. पट्टे मिळाले की ते सगळ्यात ठळक होतील तिथे थांबून फिल्टर काढावा. दिशा उलटवली तर स्क्रूची ढिलाई आधी खर्च होते, म्हणून प्रत्येक वेळी थोडं मागे जाऊन त्याच बाजूने यावं.

तरीही पट्टे आले नाहीत तर काच मोजावी. पेशीच्या वाटेत १ मिलिमीटरची स्लाईड आहे आणि दुसरी वाट मोकळी आहे, तर फरक ५२० मायक्रॉनचा. नुसती कव्हरस्लिप विसरली तरी ८८ मायक्रॉन. म्हणून मोकळ्या वाटेतही तशीच स्लाईड, तेवढंच पाणी आणि तीच कव्हरस्लिप ठेवतात. आरसा सरकवून फरक भरता येतो असं वाटतं, पण काचेत निळा आणि लाल वेगवेगळ्या वेगाने जातात. पांढऱ्या दिव्यात ते भरून निघत नाही आणि पट्टे फिकट, रंगीत, पसरट दिसतात.

रंग कोणता, आणि ओसीटीचं काय?

निळ्या प्रकाशात बारीक तपशील जास्त दिसतो, पण जिवंत पेशींना तो लवकर त्रास देतो. शिवाय ४१५ नॅनोमीटरच्या आसपास हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं, रक्तपेशी काळवंडते. पातळ पेशींसाठी हिरवा ते लाल हा पट्टा बरा.

जाड ऊतकात शिरायचं तर जवळच्या अवरक्तात जावं लागतं. डोळ्याच्या पडद्यासाठी ८४० किंवा १०५० नॅनोमीटर. त्वचा, दात, बुबुळाचा भाग यांसाठी १३१०. पडद्यासाठी तो चालत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत डोळ्यातलं पाणीच तो शोषून घेतं. हजार नॅनोमीटरच्या पुढे सिलिकॉनचा साधा कॅमेरा आंधळा होतो आणि इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा महागडा सेन्सर घ्यावा लागतो.

ओसीटी १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत पुढे आली. तिच्यात आखूड कोहेरन्स हीच मोजपट्टी आहे. पडद्याच्या प्रत्येक थरातून थोडा प्रकाश परततो. ज्या थराची वाट मोकळ्या वाटेएवढी आहे त्याचेच पट्टे बनतात. हेलियम-निऑन लावला असता तर सगळे थर एकदम बोलले असते. ८४० नॅनोमीटर, ५० रुंदीच्या एसएलडीची लांबी १४ मायक्रॉन; जाण्या-येण्यामुळे ती निम्मी होते, स्पेक्ट्रमच्या घंटाकृती आकारामुळे आणखी थोडी कमी. हवेत सुमारे ६ मायक्रॉन, डोळ्यात साडेचार. पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्यातले थर वेगळे दिसायला एवढं पुरतं. आताची यंत्रं आरसा सरकवत बसत नाहीत. परतलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम पसरून एकाच वेळी सगळी खोली गणिताने काढतात.

‘पण डॉक्टरांच्या नव्या मशिनवर स्वेप्ट-सोर्स लेझर लिहिलंय!’ बरोबर आहे, आणि विसंगती नाही. तो लेझर एका क्षणी एकच अरुंद रंग देतो, पण सेकंदाला एक लाख वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा जवळपास १०० नॅनोमीटरचा पट्टा धावून काढतो. थर किती बारीक दिसतील ते पूर्ण पट्टा ठरवतो, किती खोल दिसेल ते क्षणाचा अरुंदपणा. लांब आणि आखूड कोहेरन्स, दोन्हींचा फायदा एकाच यंत्रात घेण्याची ही हुशारी आहे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत काय बिघडतं

घोडबंदर रोडचे ट्रक, ठाणे-वाशी मार्गाच्या लोकल, मेट्रोची कामं. आरसा ६० नॅनोमीटर थरथरला की वाट १२० नॅनोमीटरने बदलते, म्हणजे अख्ख्या रक्तपेशीएवढी चूक. शक्य असेल तर तळमजला घ्यावा. हादरे शोषणारं टेबल परवडत नसेल तर जाड कडप्प्याखाली अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूब, हा उपाय खरोखर चालतो. ट्यूब टणक फुगवल्या तर चालत नाही. त्याहून उत्तम म्हणजे दोन्ही झोत शेवटपर्यंत एकाच लेन्समधून, एकाच वाटेने नेणारी रचना. हादरा दोघांना सारखाच बसतो आणि वजा होतो.

एसीची हवा हादऱ्यांइतकीच वाईट. हवेचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण दहा लाखांत एकाने बदलतो. ३० सेंटिमीटरच्या उघड्या वाटेवर एक अंशाचा फरक म्हणजे ३०० नॅनोमीटर. वाटांवर पुठ्ठ्याच्या किंवा पीव्हीसीच्या नळ्या घालाव्यात, एसीची झोत-दिशा भिंतीकडे करावी.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते आणि तिचे धागे लेझरमध्ये सुंदर नक्षी काढतात. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावीत, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली. थंड खोलीतली लेन्स बाहेर काढल्यावर लगेच पुसू नये. दव आपोआप उडू द्यावं. हॅलोजन घरच्या नेहमीच्या प्रत्यावर्ती विजेवर चालवला तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्याला डीसी पुरवठा द्यावा, नाहीतर फोटोचा वेळ १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवावा. हेलियम-निऑनला चालू केल्यावर अर्धा तास स्थिरावायला द्यावा, आणि वीज जाऊन आली की तो अर्धा तास पुन्हा सुरू. एसएलडीचे दोन शत्रू: अंगातली स्थिर वीज आणि स्वतःकडेच परत आलेला प्रकाश. हाताला अर्थिंगचा पट्टा बांधावा, फायबरची टोकं ८ अंश तिरकी घासलेली घ्यावीत आणि सरळ व तिरका कनेक्टर एकमेकांना जोडू नयेत.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्याआधी

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी ६५० नॅनोमीटरचं लाल लेझर मॉड्यूल आणि चांगल्या डीसी ड्रायव्हरवरचा लाल एलईडी, एवढ्यावर सुरुवात होते. हिरवा पॉइंटर टाळावा. त्याच्या पोटात ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश असतो आणि स्वस्त पॉइंटरमध्ये तो अडवणारा फिल्टर अनेकदा नसतोच. ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ या चिठ्ठीवरही विसंबू नये. मायक्रोस्कोपवर लेझर लावल्यावर आयपीसला डोळा लावायचा नाही, कॅमेऱ्यातच बघायचं. आयपीस काढून ठेवली तर मोह होत नाही.

विकणारा वॅट सांगेल. त्याच्याकडे स्पेक्ट्रमचा आलेख मागा, आणि तो कोणत्या करंटला, कोणत्या तापमानाला काढला ते विचारा. लेझर डायोड उंबरठ्याच्या (लेझर सुरू व्हायला लागणाऱ्या किमान करंटच्या) जरा खाली चालवला तर तो जवळजवळ एलईडीसारखाच वागतो, तेव्हा करंटशिवाय आलेखाला अर्थ नाही. आलेख मिळाला नाही तर स्वतः मोजता येतं. पट्टे सगळ्यात ठळक असतील तिथून आरसा सरकवत जा, ठळकपणा निम्मा झाला की थांबा, मायक्रोमीटरवरचं अंतर दुप्पट करा. दुसऱ्या बाजूलाही तेच करून दोन्हींची बेरीज घ्या. मग तसेच पुढे तीन-चार मिलिमीटरपर्यंत जाऊन बघा. पट्टे पुन्हा उगवले, तर तो डायोड स्लाईड-कव्हरस्लिपच्या कामाला घेऊ नका.